दोन काठांचा नारळ

प्रिय हर्षदा,

रविवारी आपला फोन मधेच तुटला, तो रेंजमुळं नाही. मीच ठेवला. तुझी आई शेजारी शेंगा फोडत बसली होती. तिला मी सांगितलं, तिकडं बर्फ पडतोय, लाइन गेली असेल. ती म्हणाली, ‘‘एप्रिलात?’’ आज मंगळवार. शुक्रवारी तुला चौकशीत लेखी जबाब द्यायचा आहे, हे मी विसरलेलो नाही. तू विचारलंस, ‘‘आप्पा, तसंच लिहू का?’’ या प्रश्नाचं उत्तर मला फोनवर देता येईना, म्हणून दुपारचा बंधाऱ्यावरच्या खोलीत बसून कागदावर लिहितोय. लिहून झालं की पानांचे फोटो काढून पाठवीन. अक्षर वेडंवाकडं येईल. हाताला सवय राहिली नाही, आणि उन्हानं जीव नुसता आंबून गेलाय.

तू सांगितलेलं सगळं मी दोन दिवस मनात घोळवलं. मला समजलं तसं लिहितो, चुकलं तर सुधार. तुमची नदी उत्तरेकडं वाहते. सगळा हिवाळा ती वरून गोठलेली असते. हातभर जाड बर्फाचं झाकण, आणि त्याच्याखाली पाणी मुकाट चाललेलं. उन्हं तापायला लागली की वितळायला सुरुवात होते ती दक्षिणेला, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला. तिकडचा बर्फ पाणी होऊन उतरतो, नदी फुगते, आणि ते पाणी खालून झाकण उचलायला लागतं. आधी काठाशी तडे जातात, मग तुकडे होतात, कुठला खाटेएवढा, कुठला अंगणाएवढा, आणि ते वाहत सुटतात. पण खाली उत्तरेला अजून थंडीच असते. तिथलं झाकण जागचं हललेलं नसतं. सुटलेले तुकडे येऊन त्यालाच धडकतात, नाहीतर वळणावर, उथळ जागी, पुलाच्या खांबांपाशी अडतात. एक अडला की मागचा त्याच्या अंगावर चढतो, त्याच्या मागचा पोटाखाली घुसतो, आणि बघता बघता तळापासून भिंत उभी राहते. पाण्याला वाट उरत नाही. मग ते मागं फिरतं आणि तासाभरात घरांत शिरतं. ती भिंत कधी फुटेल तेही सांगता येत नाही. फुटली की खालच्या गावांवर सगळं पाणी आणि सगळा बर्फ एकदमच जातो. वरच्या गावात ऊन आणि खालच्या गावात थंडी, एवढ्या फरकावर हे सगळं घडतं, असं तू म्हणालीस. खाली राहणाऱ्या माणसाला आभाळात बघून काहीच कळत नाही.

त्या दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तुझ्यासमोरच्या पडद्यावर दिसलं की पुलापाशी पाणी अर्ध्या तासात कमरेएवढं चढलंय. तेव्हाच भोंगा वाजवायचा, असा तुमचा नियम. तू चाळीस मिनिटं थांबलीस. का थांबलीस तेही तू लपवलं नाहीस. मागल्या वर्षी तू भोंगा वाजवून खालची गल्ली रिकामी केलीस, लोक लहान लेकरांना घेऊन शाळेच्या हॉलमध्ये थंडीत बसून राहिले, आणि बर्फ गुपचूप निघून गेला. त्यानंतर दुकानात जा, पोस्टात जा, जो तो हसून विचारायचा, काय मॅडम, आज पळायचं का? म्हणून यंदा तू आधी खात्री करून घ्यायला गेलीस. तेवढ्यात गल्लीत पाणी आलं, आणि ज्या म्हाताऱ्या गृहस्थांकडून तू दर बुधवारी अंडी घ्यायचीस, ते गेले. आता तुझे साहेब म्हणतात, पाणी मोजायचं यंत्र गोठलं होतं, आकडा उशिरा आला, असं लिहून दे. यंत्र सकाळी थोडा वेळ गोठलं होतंही म्हणतेस. म्हणजे अगदीच खोटं नाही. आणि मग तू रडत म्हणालीस, ‘‘आप्पा, तुमच्यासारखंच झालं बघा माझं. निरोपच उशिरा आला.’’ तिथं माझ्याच्यानं फोन कानाशी धरवेना.

तू पाठवलेला व्हिडिओ तुझ्या आईनं चारचारदा बघितला. पुलाला टेकून उभे राहिलेले ते पांढरे तुकडे बघून म्हणाली, ‘‘आगं बया, खडेमिठाचं पोतं फुटल्यावानी दिसतंय.’’ तिचे गुडघे यंदा जास्त दुखतात, पण ऐकत नाही. म्हशीला रेडी झाली. पलीकडच्या काठावरची निम्मी तरणी पोरं आता शिक्रापूरला खोल्या घेऊन कंपनीत जातात, त्यामुळं तिकडं पाण्याच्या मोटारी चालू-बंद करायलाही माणूस मिळत नाही. दोन काठांमधलं भांडण त्यामुळं कमी झालंय. भांडायलाच कोणी उरलं नाही. बंधारा तेवढा आहे तिथंच आहे. अलीकडं आपला दौंड तालुका, पलीकडं शिरूर, मधे भीमा, आणि तिच्यात ओळीनं उभे चाळीस गाळे. दर गाळ्याच्या खाचेत लोखंडी बर्गे एकावर एक बसवलेले. लहानपणी तू ते मोजायचीस, आणि मधेच चुकलीस की पुन्हा पहिल्यापासून. ऑक्टोबरात बर्गे टाकून पाणी अडवायचं आणि मे संपता संपता काढून नदी मोकळी करायची, एवढंच माझं काम. आज खोलीच्या खिडकीतून पाणी दिसत नाही. वरच्या शहरांकडून आलेली जलपर्णी काठापासून काठापर्यंत पसरलीय. कोणी नवखा माणूस आला तर हिरवं शेत समजून पाय टाकेल.

तुझा व्हिडिओ बघितला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हे मी बघितलंय. रंग वेगळा, गारठा वेगळा, पण रीत हीच. जलपर्णीही नुसती तरंगत असते तोवर काही करत नाही. वरून पाण्याचा रेटा आला की तिचे पट्टे सुटतात, एकरा-एकराचे. ते येऊन बर्ग्यांना टेकतात, मागचे पुढच्यांच्या खाली दबतात, मुळं मुळांत अडकतात, आणि गाळ्यांच्या तोंडाशी तळापर्यंत बूच बसतं. त्या वर्षी तू नववीत होतीस. जूनची पाच तारीख. आपल्याकडं कडक ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही. वर पावसानं झोडपलेलं. बर्गे अजून गाळ्यांतच होते.

ते का होते, हे तुला ठाऊक आहे, पण तरी लिहितो, कारण आज मला सगळं क्रमानं लिहायचंय. बर्गे काढायच्या आधी घाटावरच्या साती आसरांना खण, हिरव्या बांगड्या, दहीभात आणि नारळ द्यायचा, आणि तो दोन्ही काठांनी द्यायचा. एकट्या आपल्या काठाचा नारळ फोडून बर्गा उचलायचा नाही. ज्यानं ही रीत घातली तो शहाणाच होता. पाणी दोन्ही तालुक्यांचं, सोडायचं तर दोघांनी मिळून देवासमोर हो म्हणायचं, म्हणजे नंतर कोणी कोणाच्या अंगावर यायला नको. त्या वर्षी पलीकडच्या लोकांचा ऊस शेवटच्या पाण्याला आलेला. त्यांचा म्होरक्या पोपटराव. मी मेच्या अखेरीला निरोप धाडला, तर म्हणाला गुरुवारी येतो. गुरुवारी म्हणाला, रविवारी येतो. मी थांबलो. आपल्या काठाचा नारळ खोलीत देवळीत ठेवलेला होता.

अमजदकाका तुला आठवतो तेवढा तुझ्या आईला आणि मलाही आठवतो, पण आम्ही त्याचं नाव एकमेकांसमोर कमी घेतो. शाळेत आम्ही एका बाकावर. त्याला पाढे पाठ नव्हते, आणि मला आजही फ्यूज बांधता येत नाही. जळक्या मोटारींत नव्या तारा भरण्यात त्याच्यासारखा हात दोन तालुक्यांत नव्हता. जळकी मोटार नुसती हुंगून सांगायचा, कोणाच्या हलगर्जीपणानं जळाली ते. मी आसरांपुढं दिवा लावत असलो की मागून यायचा, दिवा लागेपर्यंत चपला काढून गप उभा राहायचा, आणि मग म्हणायचा, ‘‘गोकुळ, तुझ्या सात आन् माझी एकटी रुबी, तरी बी तुझ्यापरीस जास्त भ्या मलाच हाय.’’ तू त्याच्या दुकानात बसून तांब्याच्या तारेच्या अंगठ्या करायचीस. तो तुला इंजिनिअरबाई म्हणायचा. तुला हे नाव पहिल्यांदा त्यानंच दिलं.

पाच तारखेला संध्याकाळी पाचच्या सुमाराला पाणी आलं. पुढं जलपर्णी आणि मागं पाणी. अर्ध्या तासात चाळीसच्या चाळीस गाळे बुजले. बंधारा हलला नाही. दगडाचा आहे. पाणी चढत गेलं आणि त्यानं कडेनं वाट काढली, पलीकडच्या काठाचा मातीचा भराव कुरतडायला लागलं. तिकडच्या काठाला ओळीनं मोटारी बसवलेल्या. बायाबापड्या ओरडायला लागल्या, मोटारी बुडाल्या, मोटारी बुडाल्या. अमजद बंधाऱ्यावरून पळत पलीकडं गेला. माझ्या अंगावरून गेला तो. दोन मोटारी त्यानं दोरानं वर ओढून दिल्या. तिसरीला उतरला, आणि भराव त्याच्यासकट गेला. तिसऱ्या दिवशी खाली सहा मैलांवर जलपर्णीत सापडला. अंगावर शर्ट तसाच होता, खिशात टेस्टर. हे सगळं तुला माहीत आहे. तू रुबीचाचीच्या शेजारी बसली होतीस, तिचा आतिफ तेव्हा तुझ्या मांडीवर झोपला होता.

मग चौकशी झाली. त्याच्या आदल्या दिवशी पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष हौसराव आबा आपल्या ओट्यावर आले, चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, ‘‘गोकुळ, वरचा निरोप तुला चारनंतर मिळाला. व्हय ना?’’ मग तेच पुढं म्हणाले, ‘‘चारनंतर मिळाला म्हंजी तू काय बी करू शकत नव्हतास. तुझी नोकरी ऱ्हाईल, संस्थेचं नाव ऱ्हाईल, पल्याडच्या लोकान्ला बी कोण बोलणार न्हाई. आन् गेलेला माणूस काय माघारी यायचा न्हाई.’’ दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर खुर्चीत बसून लिहून दिलं, वरच्या बंधाऱ्याचा निरोप दुपारी चारनंतर मिळाला, बर्गे काढण्यास पुरेसा अवधी नव्हता. खाली सही केली. साहेबांनी कागद वाचला, पाणी प्या म्हणाले. वरच्या बंधाऱ्याच्या चौकीदाराला कोणी काही विचारलं नाही. तो पुढं बदलून गेला.

तुला भांडगावचा फाटा आठवतो का? बारावीनंतर तुला पुण्याला कॉलेजात सोडायचं होतं, आपण तिथं एसटीची वाट बघत उभे होतो. तुझी पत्र्याची पेटी, वर गुंडाळलेली गोधडी. मी विचारलं, मुलींनी मास्तरकी सोडून हे नदीनाल्याचं कशाला शिकायचं? तू म्हणालीस, ‘‘आप्पा, तुम्हाला निरोप वेळेवर आला असता तर अमजदकाका वाचले असते. मी निरोप वेळेवर पोचवायचं शिकून येते.’’ एवढ्यात गाडी आली. मी पेटी वर चढवली आणि हात दाखवला. घरी येताना मोटारसायकल दोनदा बंद पडली, का तेही कळलं नाही. मग तू कुठल्या कुठं गेलीस. बर्फाच्या देशात जाऊन लोकांना सावध करायची नोकरी धरलीस. गावात कोणी विचारलं, पोरगी तिकडं काय करते, की तुझी आई अभिमानानं सांगते. मी तिथून उठून जातो. लोकांना वाटतं, गोकुळला पोरीचं कौतुक सांगायला लाजल्यासारखं होतं.

आता ज्याच्यासाठी बसलोय ते लिहितो. निरोप अकरा वाजता आला होता, हर्षदा. सकाळी अकरा. मी खोलीच्या दारात बसून विडीच्या धुरानं डास हाकलत होतो, आणि फोन वाजला. वरचा चौकीदार म्हणाला, ‘‘गोकुळभाऊ, जलपर्णी हालली बरं का. मागं लई पाणी हाय. बर्गे काढा.’’ मी बरं म्हणालो. चेनकप्पी होती, हाताखाली सहा गडी होते. तेव्हाच हात घातला असता तर चारपर्यंत मधले वीस गाळे तरी मोकळे झाले असते, आणि जलपर्णी मधून निघून गेली असती. मी हिशोब तेव्हाच केला होता, त्यामुळं नंतर समजलं असं म्हणायची सोय नाही. मी पोपटरावाला फोन लावला. तो मोठ्यानं हसला. म्हणाला, ‘‘आरं गोकुळ, डोक्यावर ऊन हाय आन् तू पूर आणतोस व्हय? रविवारी नारळ घिऊन येतो. तवर तुझ्या साती बायांना सांग की पाणी दाबून धरा म्हणून.’’ त्याच्या मागं बसलेली माणसंही हसली, ते मला ऐकू आलं. मी फोन ठेवला. देवळीतल्या नारळाकडं बघितलं. स्वतःला सांगितलं, रीत मोडायची नाही. एका काठाचा नारळ चालत नाही.

मी भाविक माणूस आहे, हे तू जाणतेस. अजून रोज सकाळी आसरांपुढं दिवा लावतो. पण तेरा वर्षांत त्या सात दगडांकडं डोळे वर करून बघितलं नाही. त्यांनी त्या दिवशी नारळ मागितला नव्हता. पाण्याच्याच देवता त्या, पाणी येतंय हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? पोपटराव चारचौघांत हसेल, पाणी आलं नाही तर दोन्ही तालुक्यांत माझं नाव घेऊन थुंकतील, याची मला भीती वाटली, आणि मी आसरांच्या पदराआड लपलो. तू लोकांच्या हसण्याला भिऊन चाळीस मिनिटं थांबलीस. मी सहा तास थांबलो. त्यामुळं तुझ्या चाळीस मिनिटांबद्दल तुला बोलायचा अधिकार मला नाही, आणि तुला वाटतं तेवढं मोठं पापही ते नाही. माणूस थांबतो. चुकून थांबतो, घाबरून थांबतो. मी आज एवढ्या वर्षांनी सांगतो, त्या सहा तासांनी मला जेवढं खाल्लं नाही तेवढं त्या एका ओळीनं खाल्लं. सहा तासांची माफी कुठं ना कुठं मागता आली असती. ती ओळ लिहिल्यावर मागायची जागाच राहिली नाही. कोणाकडं मागणार? सगळे म्हणत होते, तुझा काय दोष.

सगळ्यांत जास्त रुबी म्हणाली. चाळिसाव्याला मी दारात उभा होतो, आत जायचं धाडस होत नव्हतं. तीच बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘गोकुळभाऊ, असं तोंड लपवू नका. निरोपच उशिरा आला, तुम्ही काय करणार?’’ तेव्हापासून दर ईदला ती शीरखुर्म्याचा डबा आतिफच्या हाती पाठवते. आधी तो लहान होता, दोन्ही हातांनी डबा धरून यायचा. आता दुकान तोच बघतो, बापासारखाच मोटार हुंगतो. डबा आला की तुझी आई वाटीत काढून माझ्यापुढं ठेवते, आणि मी खातो. तेरा वर्षं मी तो खाल्ला आहे. तुझ्या आईलाही अकरा वाजताचं माहीत नाही. हे पत्र तुला पाठवायच्या आधी तिला वाचून दाखवीन. वाचायला जमलं नाही तर हातात देईन.

अजून एक राहिलंय. ते मी हौसराव आबांनाही कधी सांगितलं नाही, ते फक्त माझ्यापाशी आहे. हे सगळं कागदावर आणायचं कारणही तेच. त्या दिवशी दुपारी एक वाजता अमजद बंधाऱ्यावर आला होता. नेहमीसारखा थर्मास घेऊन. आम्ही इथंच, या खिडकीशी चहा प्यायलो. तो बर्ग्यांकडं बघत म्हणाला, ‘‘गोकुळ, वरून काय निरोप? मोटारी काढू का? आत्ता दोन गडी लावले तर चारपर्यंत समद्या काठावर येतील.’’ मी त्याला हो म्हणालो असतो तर त्यानं मोटारी उपसल्या असत्या, पोपटरावाचं पाणी बंद पडलं असतं, तो माझ्यावर धावून आला असता, एवढंच झालं असतं. मी म्हणालो, ‘‘नाही रे, काही निरोप नाही. रविवारी नारळ झाला की सांगतो.’’ तो म्हणाला, ‘‘तू म्हणतोस म्हंजी झालं,’’ कप हिसळून ठेवला आणि गेला. हर्षदा, तू ज्याच्यावर आपलं सगळं शिक्षण उभं केलंस ते असं आहे. तू काय लिहावंस ते मी सांगणार नाही. ज्यानं एकदा असं लिहून दिलं त्यानं दुसऱ्याला उपदेश करायचा नसतो. पण तू मला विचारताना म्हणालीस, तुमच्यासारखंच झालं, आणि माझ्यासारखं म्हणजे काय, हे सही करायच्या आधी तुला माहीत असावं. आता साडेचार झालेत. हौसराव आबा काय म्हणतील, संस्था काय करेल, नवा चौकशीचा कागद निघेल का, हे सगळं उद्याचं. रुबी पाचच्या पुढं नमाज आटोपून ओट्यावर येऊन बसते, आतिफही तेव्हा दुकानातून चहाला येतो. घरी जाऊन तुझ्या आईच्या हाती ही पानं देतो, आणि तसाच पुढं त्यांच्याकडं जातो. काय बोलायचं ते सकाळपासून जुळवतोय, सगळं जुळत नाही. पहिलं वाक्य तेवढं ठरलंय. रुबी, त्या दिवशी दुपारी अमजदनं मला विचारलं होतं.

तुझाच,
आप्पा